डरकाळी नाही

आज डरकाळी नाही, हे आधीच ठरलंय.
ग्रिसेल्दा सकाळी आठला इस्पितळातून आली,
बूट दाराशी, ओळखपत्र फ्रीजवर,
आणि सरळ अंथरुणात.
मधे एकच भिंत, तीही प्लायवुडची.
बाहेर पातागोनियाचा वारा पत्रा धरून ओढतोय;
त्याला कोण गप्प करणार?

अंड्यांचं रिकामं खोकं कापलं.
हे पाठीवरचे काटे, सिरिलो कुजबुजला.
तो साडेचारचा; या विषयात घरात त्याचाच शब्द शेवटचा.
आयलेन तीनची. ती काटे मोजते:
एक, दोन, पाच, अकरा.
बरोबर, मी म्हणतो.

हिरवा रंग संपलाय.
मग मातेचा सकाळचा चोथा
कणकेच्या खळीत कालवून फासला.
आमच्या डायनासोरला कडसर वास येतो.
आयलेनने चाटून खात्री करून घेतली,
आणि तोंड वाकडं करून पुन्हा चाटलं.

मान लांबच हवी.
पुठ्ठ्याच्या तीन नळ्या जोडल्या, वर चौथी,
तशी मान लवली, डोकं टेबलावर टेकलं.
मी टेप शोधायला उठलो
तर सिरिलोने हात धरला.
"राहू दे. त्याची रात्रपाळी होती."

खिडकीतून तेलाचे पंप दिसतात.
मान वर, मान खाली, मान वर,
उजाड माळावर दिवसरात्र
कुणाला तरी हो-हो म्हणत.
त्यातल्या सतरा नंबरचं बेअरिंग
गेल्या मंगळवारी मीच बदललं.
"बाबा, ते अजून मेले नाहीत?"
नाही, म्हटलं. आम्ही त्यांना ग्रीस लावतो ना.

एकदा पाइपासाठी चर खणताना
फावडं कशावर तरी वाजलं होतं.
अकरा दिवस काम बंद.
मुकादम आईबहिणीवरून बोलत होता,
आणि विद्यापीठातली एक मुलगी
दात घासायच्या ब्रशने
माती झाडत बसली होती, उन्हात,
जणू कुणाला उठवायचं आहे, पण दचकवायचं नाही.
अकरा दिवसांचा पगार बुडाला.
तरी मी रोज बघायला जायचो.
हे मुलांना नाही सांगितलं. पगाराचं कशाला.

मीठ, मैदा, पाणी.
परातभर गोळा जमिनीवर थापला.
सुपासाठी आणलेला कोंबडीचा पाय
फ्रीजरमधून काढला
आणि तीन बोटं ओल्या पिठात दाबली.
दोघांचे डोळे एवढे मोठे.
"हा खरा पाय आहे?"
खऱ्याचा नातेवाईक, मी म्हणालो.
मग पाय एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात,
पीठभर धावपळ, गोल गोल,
एकही शब्द नाही.
"ते कसे ओरडायचे?" आयलेनने विचारलं.
कुणालाच माहीत नाही गं.
हाडं राहतात. आवाज नाही राहत.

दार वाजलं.
ग्रिसेल्दा, अर्धी झोपेत, अनवाणी, पाण्याला निघालेली.
मी हात उचलला, तोंड उघडलं,
पण आज आवाज नाही, हे ठरलेलं.
टाच, तळवा, पाच बोटं.
तिला कळलंसुद्धा नाही.
पाणी प्याली, परत गेली.

आम्ही तिघं वाकून बघत राहिलो.
मी सारवायला ओला हात पुढे केला
तर चार हातांनी तो मागे ओढला.

संध्याकाळी ती वेणी घालत होती, ड्यूटीला निघायची.
पीठ कडेने पांढरं होत चाललेलं.
"हा कुणाचा?"
"हा सगळ्यांत मोठा," सिरिलो म्हणाला,
"हा रात्री चालायचा."
ती खाली बसली.
टाचेवरचं सुकलेलं पीठ
नखाने खरवडत राहिली जरा वेळ.
"आणि हे बारके?"
"ते त्याच्या मागे मागे," आयलेन म्हणाली,
आणि आता कुणी झोपलेलं नव्हतं म्हणून
दिवसभराची साठलेली डरकाळी
तिने एकदम सोडून दिली.